स्पिरुलिनाची निळी पावडर क्रीममध्ये घालून बघितली, दीड महिन्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, रंगाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चिमूटभर पावडर पाण्यात टाकली की तळाशी शाईसारखा गडद ठिपका बसतो, मग त्याचे धागे सुटत सुटत वर येतात आणि दोन मिनिटांत अख्खा ग्लास असा निळा होतो की बघत बसावं. आणि गंमत म्हणजे लाईट घालवून त्यावर मोबाईलचा टॉर्च मारला आणि बाजूने बघितलं तर तेच पाणी लाल चमकतं. खोटं नाही सांगत, लाल. मी हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून झालंय, आता कोणी आलं की आधीच म्हणतात, हो हो बघितलंय.

पावडर मागवली माझ्या मैत्रिणीने. ती घरच्या घरी क्रीम, जेल, फेस मिस्ट असलं करत असते, तिला कृत्रिम रंग नको होता. पाकिटावर लिहिलंय की क्रीम, जेल, लिपबाम, साबण सगळ्यात चालतं, उष्णतेला टिकतं, उच्च शुद्धता, वगैरे. पहिलंच क्रीम आठवड्याभरात राखाडी पडलं तेव्हा तिने मला फोन केला, "अगं तू दिवसभर हेच करतेस ना, सांग बघू काय झालं असेल." मी खरंच दिवसभर हेच करते, म्हणजे प्रोटीन प्युरिफिकेशन, कॉलम, बफर, जेल, परत कॉलम. म्हणलं पाठव डबी.

तर मुद्दा असा की ही पावडर म्हणजे नेहमीच्या अर्थाने 'डाय' नाहीच, हे प्रोटीन आहे. नाव फायकोसायनिन. स्पिरुलिना म्हणजे निळं-हिरवं सूक्ष्मजीव, त्याला प्रकाश पकडायला जे अँटेनासारखं यंत्र असतं त्यातलं हे एक. आत फायकोसायनोबिलिन नावाचा छोटा रेणू असतो, तो आपल्या शरीरातल्या बिलिरुबिनच्या नात्यातला, आणि तो प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला पक्का जोडलेला असतो. पण निळा रंग त्या छोट्या रेणूचा एकट्याचा नाही हे कळणं फार गरजेचं आहे. प्रोटीन त्याला ताणून, लांब धरून ठेवतं म्हणून तो ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-लाल प्रकाश जोरात शोषतो आणि आपल्याला निळा दिसतो. प्रोटीनची घडी विस्कटली की तो रेणू गुंडाळला जातो, ६२० चं शोषण पडतं, रंग गेला. रेणू तिथेच आहे हं, कुठेही गेला नाही, फक्त त्याला धरणारा हात सुटला. मैत्रिणीच्या क्रीममध्ये नेमकं हेच झालं होतं आणि पाकिटावर 'प्रोटीन' हा शब्द एकदाही नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आता मोजमाप. पाकिटावर ई१८ असा ग्रेड लिहिलेला होता. हा आकडा शुद्धतेचा नसून रंगाच्या ताकदीचा असतो, १० टक्के द्रावणाचं ६१८ नॅनोमीटरला शोषण १८०, म्हणजे ०.०५ टक्क्याच्या द्रावणात ०.९ यायला पाहिजे. मला ०.८६ आलं. ठीक आहे, वजन करताना पावडर ओलावा खाते, एवढा फरक मी माफ करते. मग ६५२ ला पण रीडिंग घेतलं, कारण सोबत अ‍ॅलोफायकोसायनिन नावाचा भाऊ असतो, तो वजा करावा लागतो, आणि हिशोब केला तर वजनाच्या साधारण २८ टक्के खरं फायकोसायनिन निघालं. बाकी काय? लेबलवर बारीक अक्षरात ट्रेहॅलोज आणि सोडियम सायट्रेट लिहिलेलं आहे, उरलेली स्पिरुलिनाची इतर प्रोटीन्स. यात फसवणूक काही नाही, ट्रेहॅलोज ही साखर मुद्दाम घालतात, ती प्रोटीनला सावरून धरते. त्यामुळे 'भेसळ आहे' असं जे काही जण लिहितात ते मला पटत नाही.

शुद्धता मात्र वेगळ्या आकड्याने बघतात. ६२० चं शोषण भागिले २८० चं शोषण. २८० ला जवळपास सगळीच प्रोटीन्स दिसतात, ६२० ला फक्त निळं, म्हणून हा भागाकार जितका मोठा तितका माल चोख. ०.७ च्या वर साधा ग्रेड, ३.९ च्या आसपास रीएजंट ग्रेड, ४ च्या वर गेलं की अ‍ॅनालिटिकल. आमच्या पावडरीचा आला १.१. 'उच्च शुद्धता' लिहिण्यासारखं हे नाही पण रंगासाठी पुरेसं आहे.

इथे थांबायला पाहिजे होतं, पण सवय ना. म्हणलं बघूया ही चोख केली तर क्रीममध्ये जास्त टिकते का. अमोनियम सल्फेट टाकत गेले, हे मीठ वाढलं की प्रोटीन्स एकेक करून पाण्यातून खाली बसतात, २५ टक्के सॅच्युरेशनला थोडा गाळ बसला तो फेकला, ५० टक्क्यांना निळं सगळं खाली बसलं आणि वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ. तो गोळा फॉस्फेट बफरमध्ये विरघळवून रात्रभर डायलिसिसला ठेवला, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत, मीठ-साखरेसारखे छोटे रेणू बाहेर जातात, प्रोटीन आत राहतं. सकाळी डीईएई कॉलम, म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली उभी नळी. हा अ‍ॅनायन एक्स्चेंज, म्हणजे मण्यांवर धन भार, आणि पीएच ७ ला आपलं प्रोटीन ऋण, त्यामुळे ते वरच चिकटून बसतं. १९५० च्या दशकात सोबर आणि पीटरसन यांनी सेल्युलोजवर हे डीईएई लावून दाखवलं तेव्हापासून प्रोटीनवाल्यांचं आयुष्य सोपं झालंय. एरवी माझी प्रोटीन्स पाण्यासारखी रंगहीन असतात, कॉलममध्ये काय चाललंय ते मशीनचा आलेख बघूनच कळतं. इथे मात्र डोळ्यांसमोर! वरच्या एक सेंटीमीटरमध्ये घट्ट निळी चकती, खाली पांढरेशुभ्र मणी, आणि मीठ वाढवत नेलं की ते प्रोटीनला मण्यांवरून सोडवतं, ती चकती हळूहळू सैल होऊन पट्टा बनून खाली सरकायला लागते. एका कडेला हिरवट झाक दिसली, तो भाग वेगळ्या ट्यूबमध्ये घेतला, तपासला तर ६५२ ला जास्त, म्हणजे तोच भाऊ. क्रोमॅटोग्राफी या शब्दात रंग का आहे ते असं काही बघितलं की कळतं, त्स्वेतने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतले रंगच तर वेगळे केले होते. नवीन मुलांना कॉलम शिकवायचा असेल तर ही पावडर डोळे झाकून घ्या, याहून चांगलं शिकवायचं साधन मी बघितलेलं नाही.

भागाकार १.१ वरून सल्फेटनंतर १.९ आणि कॉलमनंतर ३.६. निम्म्याहून जास्त रंग वाटेत गेला, तो जातोच. मग त्याच बेसमध्ये दोन क्रीम केली, एक पाकिटातली पावडर घालून, एक माझं चोख प्रोटीन घालून, रंगाची ताकद सारखी ठेवून. दोन्ही पारदर्शक बाटल्यांत खिडकीत. आणि माझंच आधी उडालं! चौथ्या दिवशी माझी बाटली मळकट पांढरी, पाकिटवाली अजून फिकट निळी. अर्थात, मीच डायलिसिसमध्ये ती ट्रेहॅलोज काढून टाकली होती ना, शिवाय प्रोटीनही क्रीममध्ये जाऊन पातळ झालेलं, त्याला सांभाळणारं कोणीच नाही. मैत्रीण दहा मिनिटं हसत होती. तेव्हा विक्रेते 'आमची जास्त शुद्ध' म्हणून जो भाव खातात त्याला क्रीमसाठी काही अर्थ नाही, अँटिबॉडीला चमकणारं लेबल लावायचं असेल तिथे शुद्धता लागते, १९८२ मध्ये ओई, ग्लेझर आणि स्ट्रायर यांनी याच कुळातल्या प्रोटीन्सना तसं वापरून दाखवलं आणि आजही फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशी एकेक करून प्रकाशात तपासायच्या तंत्रात, याच कुळातलं फायकोएरिथ्रिन रोज वापरतात. चेहऱ्याच्या जेलला ते नको.

मग क्रीममध्ये काय लागतं? थंड, अंधार आणि योग्य पीएच, बस. पाकिटावरच्या 'उष्णतेला टिकतं' ला मी सरळ शून्य देईन. ४५ अंशाच्या वर हे प्रोटीन उलगडायला लागतं, आणि मैत्रिणीने ते गरम पाण्याच्या भागात, ७० ला घातलं होतं, तिची काय चूक, पाकिटावरच तसं होतं. आता ती क्रीम घोटून ४० च्या खाली आलं की मगच निळं पाणी घालते. दुसरा घोळ जास्त छुपा होता. तिचं प्रिझर्व्हेटिव्ह सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट, ही जोडी आम्लात काम करते म्हणून ती पीएच ४.५ ला आणायची, आणि नेमकं तिथेच फायकोसायनिनवरचा एकूण भार शून्याजवळ जातो, रेणू एकमेकांना ढकलत नाहीत, गोळा होऊन निळे कण दिसतात. तिला वाटायचं नीट ढवळलं नाही. पीएच ६ च्या आसपास ठेवलं आणि फिनॉक्सिइथेनॉल वापरलं, ज्याला पीएचचं एवढं पडलेलं नसतं, तेव्हा कण गेले. व्हिटॅमिन सी किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडच्या सीरममध्ये मात्र ही पावडर घालूच नका, वाया जाईल.

साबणात अल्कली जास्त, तिथेही मरते. लिपबामचं तर हसूच येतं, हे पाण्यात विरघळणारं प्रोटीन, तेल-मेणात ते नुसते निळे ठिपके होऊन बसतं, आम्ही करून बघितलं, ओठांवर वाळू लावल्यासारखं वाटतं. साबणाला निळं करायचंच असेल तर अल्ट्रामरीन घ्या, ते खनिज आहे, उजेड आणि अल्कली दोन्ही सहज पचवतं, फक्त आम्ल लागू देऊ नका, सडक्या अंड्याचा वास सुटतो.

अजून एक, नैसर्गिक म्हणजे बिनधास्त असं समजू नका. लिपस्टिकमधला कार्माइनचा लाल कोचिनियल किड्यांपासून येतो आणि त्याची अ‍ॅलर्जी ज्यांना होते त्यांना बहुतेकदा त्यात उरलेल्या किड्याच्या प्रोटीनमुळे होते, अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये कार्माइनचं नाव लेबलवर लिहिणं सक्तीचं केलं ते अशा तक्रारींमुळेच. तिथे प्रोटीन हा मळ आहे, प्युरिफिकेशन करून काढायचा. इथे प्रोटीन हाच रंग आहे, काढणार काय? म्हणून कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस बघा, मगच चेहऱ्यावर. आणि विकायला करणार असाल तर तुमच्याकडच्या कॉस्मेटिक नियमांत हा रंग बसतो का ते आधी तपासा.

रेटिंग विचाराल तर रंग पाचपैकी पाच, माल साडेतीन, पाकिटावरची माहिती एक, तोही बारीक अक्षरातल्या ट्रेहॅलोजसाठी. विक्रेत्याला आम्ही रीडिंगचे आकडे आणि दोन बाटल्यांचे फोटो पाठवले होते, उत्तर आलं 'नैसर्गिक उत्पादनात थोडा फरक असतो'. फरकाची तक्रारच नव्हती, ७० अंशाची होती. परत लिहिलंय, अजून काही आलेलं नाही. मैत्रिणीने दुसरं पाकीट मागवलंय तरीही, त्याच ठिकाणाहून, आणि क्रीमसाठी गडद तपकिरी पंपाच्या बाटल्या. म्हणलं अगं मग निळा रंग दिसणार कुणाला? तर म्हणे, हातावर घेतल्यावर दिसतो की.