‘पॉवर्ड’ फॅन हबचा साटा प्लग नुसता दाखवायला होता

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या सहा पंख्यांसाठी मी ऑनलाइन एक ‘पॉवर्ड’ फॅन हब, म्हणजे अनेक पंखे एकत्र जोडायची डबी, घेतला. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: वीज साटा प्लगमधून थेट एसएमपीएसची (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या युनिटची), मदरबोर्डवर भार नाही. मला तेच हवं होतं. बहुतेक मदरबोर्डचा एक फॅन हेडर, म्हणजे पंखा जोडायची पिनांची जागा, 1 अँपिअरपर्यंत करंट देतो, म्हणजे 12 व्होल्टला 12 वॉट. माझ्या प्रत्येक पंख्यावर 0.25 अँपिअर छापलंय, सहांचे दीड होतात. त्यात पंखा सुरू होताना क्षणभर जास्तच करंट ओढतो.

थोडे दिवस बरे गेले आणि मग सगळे पंखे एकदम थांबले. हब काढून, तो मदरबोर्डच्या ज्या हेडरला जोडला होता त्यालाच एक पंखा थेट लावला, तरी ढिम्म. दुसऱ्या हेडरवर तोच पंखा व्यवस्थित फिरला.

मग हब उघडला. साटाची पिवळी तार, म्हणजे 12 व्होल्टची, हबच्या आतल्या बोर्डाला जोडलेलीच नव्हती. गोंदाच्या गोळ्यात टोक खुपसून ठेवलं होतं. सहाही पंखे मदरबोर्डच्या हेडरवरूनच वीज ओढत होते. एकाच हेडरची वीज अनेक पंख्यांना वाटणारा साधा स्प्लिटर पॉवर्ड हब म्हणून विकला होता. तार गोंदात लपवणं हे कारखान्यातल्या नजरचुकीनं होत नाही, ही उघड लबाडी आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणे जोडणी तुम्हीच चुकवली. पुढे उत्तरच नाही, आणि जाहिरात अजून तशीच आहे. म्हणून हे लिहितोय.

असा हब आला की आधी त्याची मदरबोर्डकडे जाणारी केबल बघा. तिच्यात वेगाच्या सिग्नलच्या तारा लागतात, कधी ग्राउंडचीही असते. पण दुसरी पिन 12 व्होल्टची. तिथे तार दिसली तर शंका घ्या. मग कॉम्प्युटर बंद करून हबला एकच पंखा जोडा, साटा प्लग मोकळा ठेवा आणि कॉम्प्युटर सुरू करा. पंखा फिरला तर वीज मदरबोर्डची आहे. अस्सल हबवर तो फिरणारच नाही. मल्टिमीटर असेल तर सगळं सुटं करून साटाच्या 12 व्होल्ट पिनपासून पंख्याच्या सॉकेटच्या दुसऱ्या पिनपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी सलग आहे का, ते तपासा.

हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत करा, आणि हब न उघडता. पंखा फिरतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, मोकळा साटा प्लग त्यात दिसू द्या.