साल्मोनेला अँटिसेरा सेट: आधी दोन स्टार दिले होते, आता चार

आधीच सांगून टाकते, साल्मोनेला जंतू (टायफॉइडचा जंतू यातलाच) ओळखायच्या याच सेटला मी गेल्या महिन्यात दोन स्टार देऊन मोकळी झाले होते, "ओ-९ चालतच नाही, पैसे पाण्यात" असं लिहून. ते मागे घेतेय, कारण घोळ माझा होता.

सेटमध्ये २ मिलीच्या पाच बाटल्या येतात, पॉली-ओ, ओ-२, ओ-९, एच-डी आणि व्हीआय. (ही जंतूच्या अँटिजेनची, म्हणजे अँटिबॉडी जिथे चिकटते त्या भागांची नावं: ओ जंतूच्या पृष्ठभागावरचा, एच त्याच्या शेपट्यांचा म्हणजे फ्लॅजेलांचा, व्हीआय बाहेरच्या आवरणाचा.) सशांना ठरावीक जंतू टोचून त्यांच्या रक्तातून काढलेलं सिरम असतं हे, म्हणजे बाटलीत कुठली अँटिबॉडी आहे ते आपल्याला पक्कं माहीत, अनोळखी असतो तो स्लाइडवरचा जंतू, दोघं जुळले की गुठळ्या होतात. (विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी याच्या नेमकी उलट, तिथे जंतूचा अँटिजेन माहितीतला आणि पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडी शोधायच्या. तरी आमच्या लॅबमध्ये निम्मे लोक यालाही विडालच म्हणतात, असो.)

तर झालं असं की एका तापाच्या पेशंटचं ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं, टीएसआयमध्ये (जंतू ओळखायला वापरतात ते साखर-लोहाचं माध्यम) वरचा भाग लाल, खाली पिवळा, मध्ये मिशीसारखी बारीक काळी रेघ, गॅस नाही, युरिया निगेटिव्ह, म्हटलं टायफीच (टायफॉइडचा साल्मोनेला) असणार. स्लाइडवर सलाइनचा थेंब, त्यात कॉलनी (वाढलेल्या जंतूंचा ठिपका) नीट घोटली, ओ-९ टाकलं, मिनिटभर स्लाइड हलवत बसले, काही नाही. नुसतं दुधट पाणी. पुन्हा केलं, तेच. लगेच डीलरला फोन लावून भांडले आणि तावातावात रिव्ह्यू पण टाकला 🤦‍♀️

संध्याकाळी मॅडम आल्या, स्लाइड बघून एवढंच म्हणाल्या, "अगं, व्हीआय लावून बघितलंस का? आणि उकळलंस का?" नव्हतं ना. व्हीआयचा थेंब टाकला तर काही सेकंदात नासलेल्या दुधासारखे दाणे दाणे! टायफीवर व्हीआयचं आवरण असतं, गोधडी पांघरल्यासारखं, त्याखाली ओ अँटिजेन झाकला जातो आणि बिचाऱ्या ओ-९ ला तो सापडतच नाही. तेच सस्पेन्शन उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवलं, गार केलं, परत ओ-९, आणि काय सांगू, काळ्या टाइलवर धरल्यावर चष्मा न लावताही दिसत होतं. एच-डी पण छान आलं, फक्त ते न उकळलेल्या ताज्या कल्चरवर करायचं, कारण उकळलं की फ्लॅजेला जातात.

हे सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं आहे हो, पण एवढ्या बारीक टायपात की कोण वाचतंय.

घेणार असाल तर बाजूला नुसत्या सलाइनचा कंट्रोल ठेवाच, रफ स्ट्रेन (ओ अँटिजेन गमावलेला जंतू) असेल तर सिरम न टाकताही गुठळ्या होतात आणि मग तो निकाल धरायचाच नाही. मॅकॉन्कीवरची (ठरावीक जंतूच वाढू देणारं माध्यम) कॉलनी उचलून थेट टेस्ट करू नका, साध्या न्यूट्रिएंट अगारवर घ्या. आणि नुसतं व्हीआय आलं म्हणून टायफी लिहून मोकळं होऊ नका, सिट्रोबॅक्टर या दुसऱ्या जंतूच्या काही स्ट्रेनवरही तो असतो, बायोकेमिकल (टीएसआय, युरिया वगैरे) आधीच करून ठेवलेलं बरं. साल्मोनेलाचे २५०० च्या वर सिरोटाइप (अँटिजेनवरून पडलेले प्रकार) आहेत, पाच बाटल्यांत ते सगळे थोडेच कळणार, एखादा अडलाच तर स्ट्रेन कसौलीच्या सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटला पाठवायचा.

पॅकिंगबद्दल मात्र बोलणारच. २ ते ८ डिग्रीत ठेवा असं बाटलीवर छापलंय आणि भर मे महिन्यात पार्सल आलं तेव्हा जेल पॅक पार वितळून कोमट झालेले. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कंट्रोल स्ट्रेन लावून बघितले, सिरम ठीक निघालं, नशीब. पण ड्रॉपर भिकार, एका दाबात दोन-तीन थेंब पडतात, एवढ्या महागाचं सिरम असं सांडताना जीव जळतो, म्हणून आता आम्ही मायक्रोपिपेटनेच घेतो. एक स्टार त्याचाच कापलाय.