दिवाळीच्या सुट्टीतली ‘जंगली ट्राउट’: सोलापूरकरांनो, आधी तारीख बघा

दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलला जंगली ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला एक मासा, पकडायला नेतो असं कुणी सांगत आलं, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या नद्यांवर गळ टाकायला बंदी असते. ब्राउन ट्राउट याच सुमारास अंडी घालते. मादी शेपटीने तळाची खडी उकरते, खड्ड्यात अंडी सोडते आणि वरून पुन्हा खडी लोटते. माणसाचा पाय पडला तरी ती चिरडतात, म्हणून नदी बंद. ज्याने आम्हाला सहल विकली त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

माणूस परका नव्हे, सोलापूरचाच. विजापूर रोडला गाळा, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचे फोटो, बोलणं गोड. प्रकरण तक्रारीत आहे म्हणून नाव लिहीत नाही. आम्ही उजनीच्या पाणलोटात चिलापी, मरळ, कटला या माशांच्या मागे असणारी मंडळी, हे त्याने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून हेरलं होतं. “काका, उजनीत किती दिवस कणकेच्या गोळ्या टाकणार? फ्लाय फिशिंग करा की एकदा!” असं म्हणून कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्याचे व्हिडिओ पाठवले. माणशी ३२ हजार, रेल्वेचं तिकीट आपलं. त्यात राहणं, जेवण, गाईड, रॉड आणि सरकारी परवाना. अर्धे पैसे लगेच, कारण “परवान्याचा कोटा संपत आलाय”. आणि एक वाक्य तो दर फोनला म्हणायचा: “मासा हमखास. नाही लागला तर पैसे परत.”

भाऊबीज उरकून मी, मेहुणा आणि दोन मित्र कर्नाटक एक्सप्रेसने दिल्लीला गेलो. तिथून मनालीच्या बसने औटला उतरलो, पुढे टॅक्सीने बंजार आणि गुशैणी. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. नदी मात्र खरोखर बघण्यासारखी आहे, त्यात खोट नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्ककडून येणारं इतकं निवळ पाणी की तळाचा दगड न दगड दिसावा.

‘गाईड’ म्हणून आला तो टॅक्सीवाल्याचा भाचा. स्वभावाने चांगलं पोर, पण फ्लाय म्हणजे काय हे त्याला आमच्याइतकंच माहीत. आपल्याकडे गळ लांब जातो तो शिशाच्या वजनाने. फ्लायला वजनच नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून आकड्यावर बनवलेला तो नकली किडा, फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी, आणि तिच्या मागे किडा हलकेच पाण्यावर उतरतो. जाणता गाईड आधी पाण्यातले दगड उलटून खाली कुठल्या अळ्या आहेत ते बघतो आणि त्यावरून फ्लाय निवडतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, म्हणून तो खालच्या बाजूने, मासा बिथरणार नाही अशा बेताने पुढे सरकतो. हे सगळं मेहुणा आधीच वाचून, बघून आला होता. आमच्या हातात मात्र साधे स्पिनिंग रॉड आले, टोकाला चकचकीत पत्र्याचं चमच्यासारखं आमिष. फ्लाय कुठाय विचारलं तर पोरगं हसलं, म्हणालं, “यही फ्लाय है.”

आणि त्याने आम्हाला नदीवर नेलंच नाही. सफरचंदाच्या बागेमागे दगडी बांध घातलेलं डबकं होतं, नदीचं पाणी पाटाने आत घेतलेलं, वर जाळी. “ये नेचुरल पूल है.” गळ पडायचा अवकाश, मासा लागला. पुन्हा टाकला, पुन्हा लागला. मित्र खूश होऊन सेल्फी काढायला लागले. मेहुण्याने एक मासा हातात घेतला आणि गप्प झाला. अंगावर लांबलचक गुलाबी पट्टा, शेपटीवरही काळे ठिपके. म्हणजे रेनबो ट्राउट. तीर्थनमधली जंगली ट्राउट ब्राउन असते: पिवळसर तपकिरी अंग, काळ्यांबरोबर लाल ठिपके, भोवती फिकट कडं, शेपटीवर ठिपके जवळपास नाहीत. तीही मूळची तिथली नाही. ती इंग्रजांनी आणली, आधी काश्मीरला आणि तिथून कुलूकडे. पण शंभराहून जास्त वर्षं नदीतच वाढून ती जंगली झाली आहे. आमच्या हातातल्या माशाचे पर मात्र जुन्या खराट्यासारखे झिजलेले. सिमेंटच्या हौदात दाटीवाटीने वाढलेल्या माशाचे पर असेच होतात.

वर आणखी एक कळस. डबक्याच्या मालकाने काटा आणला आणि पकडलेल्या माशांचे किलोवर पैसे मागितले. सोलापूरच्या माणसाने त्याला काही दिलंच नव्हतं, आणि बिचारा त्याच्या जागी बरोबर होता. भरले.

दुसऱ्या दिवशी हट्टाने नदीवर गेलो. थोड्याच वेळात मत्स्य विभागाचा माणूस आला. व्हॉट्सॲपवर आलेला परवाना दाखवला. त्यावर नाव भलत्याचंच, तारीख मे महिन्यातली. “साहब, सीज़न बंद है. ये काग़ज़ किसने दिया?” दंड न करता त्याने रॉड गुंडाळायला लावले, हा त्याचा मोठेपणा. परवाना ज्याचा त्याने विभागाकडून काढायचा असतो, हेही त्यानेच सांगितलं. दिवसाला किती मासे ठेवायचे यालाही मर्यादा असते म्हणे. आमचा विक्रेता तर “हवे तेवढे” म्हणत होता.

परतल्यावर गाळ्यात गेलो. आधी चहा, मग “हवामानामुळे नदी बंद केली”, मग “मासा लागला ना? मग गॅरंटी पूर्ण”. यावर काय बोलणार! माझ्या मते ‘हमखास मासा’ हीच फसवणुकीची खूण आहे. वाहत्या नदीतल्या ट्राउटची हमी अस्सल गाईड देत नाही, हौदवालाच देऊ शकतो.

खरंच जायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, किंवा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर संपायच्या आत. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. परवाना तिथे पोचल्यावर स्वतः काढा. गाईडशी फोनवर थेट बोला आणि “कुठला फ्लाय वापरता, रॉड किती वजनाच्या दोरीसाठीचा?” एवढंच विचारा. जाणणारा पंधरा मिनिटं बोलतच राहील. न जाणणारा पॅकेजच्या जेवणावर येईल.

पैसे नुकतेच गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, कुलूला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. आम्ही यूपीआयचे स्क्रीनशॉट, तो परवाना, ‘हमखास’ म्हणणारे व्हॉइस मेसेज आणि माशांचं बिल जोडून तक्रार दिली आहे. याच माणसाकडून आणखी कुणी फसलं असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार चालवता येते. तुमचे मेसेज डिलीट करू नका आणि गाळ्यात जाऊन भांडण्याआधी आम्हाला कळवा.