स्विच की पीसीवाला हँडहेल्ड? नांदेडमध्ये दोन्ही भरपूर वापरल्यावर

आमच्या घरात दोन हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायची गेमची यंत्रं, नांदतात. माझा निन्टेंडो स्विच, ओएलईडी मॉडेल, आणि धाकट्या मेव्हण्याचा पीसीवाला, म्हणजे विंडोजवर चालणारा छोटा कॉम्प्युटरच असलेला, आसुसचा आरओजी अ‍ॅलाय. स्विच हैदराबादच्या एका दुकानातून आणलेला. पक्कं बिल नाही, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. अ‍ॅलाय संभाजीनगरच्या शोरूममधून, जीएसटीच्या बिलासकट, हप्त्यावर. मेव्हणा लातूरला असतो, पण सणासुदीला आणि उन्हाळ्यात यंत्रासकट आमच्याकडेच मुक्काम ठोकतो. त्यामुळे दोन्ही मनसोक्त हाताळून झालेत. लोक विचारतात, घ्यायचा कोणता? आणि लगेच पुढचं, यातला टिकणार कोण?

रोजच्या वापरात स्विच सरळ पुढे आहे. रात्री दुकान बंद करून आलो, जेवण झालं, गादीवर आडवा झालो, बटण दाबलं की काल जिथं सोडलं तिथूनच खेळ सुरू. पंधरा मिनिटं खेळलो, डोळे मिटायला लागले, पुन्हा बटण दाबलं, झालं. विंडोजवर चालणाऱ्या यंत्राची तऱ्हा वेगळी. आधी ते जागं होणार, मग लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर, उघडणार, मग त्या लाँचरचा अपडेट. मेव्हणा स्वतःच म्हणतो, "दाजी, तुमचं बरंय, दाबलं की चालू. माझं सुरू होऊस्तोवर चहा होऊलाला."

बॅटरीचं गणित तर तोंडी होतं. अ‍ॅलायमध्ये ४० वॉट-तासांची बॅटरी. प्रोसेसर २५ वॉटवर पळवला आणि स्क्रीन-पंखा धरला, तर सव्वा तासात खेळ आटोपला. कमी वॉटवर जुने, हलके गेम खेळले तर ती बरीच पुरते, पण ते खेळायला सत्तर हजारांचं यंत्र कशाला? (भारतात २०२३ च्या जुलैत ते ६९,९९० ला आलं होतं.) स्विच ओएलईडीसाठी कंपनी साडेचार ते नऊ तास सांगते. लाइट गेली तरी साध्या टाइप-सी पॉवर बँकेवर तो तग धरतो. अ‍ॅलायला ६५ वॉटचा चार्जर लागतो, घरातली मोबाइलची पॉवर बँक त्याच्यापुढे नांगी टाकते.

टिकण्याच्या प्रश्नाचं उत्तर मी याच बॅटरीत शोधतो, कारण या धंद्याचा इतिहास तसाच आहे. निन्टेंडोचा १९८९ चा गेम बॉय काळ्या-हिरवट पडद्याचा होता, चार पेन्सिल सेलवर दिवस काढायचा. सेगाचा गेम गिअर १९९० मध्ये रंगीत पडदा घेऊन आला, पण सहा सेल तीन-पाच तासांत गिळायचा. गेम बॉय आणि त्याची कलर आवृत्ती मिळून ११ कोटींच्या वर गेली, गेम गिअर साधारण एक कोटीवर थांबला. २००४ ला पुन्हा तेच. सोनीचा पीएसपी दिसायला देखणा, ताकदवान, आणि खपलाही काही कमी नाही, आठ कोटींच्या आसपास. पण निन्टेंडोच्या दोन पडद्यांच्या साध्या डीएसने १५ कोटी ४० लाखांची मजल मारली. पीएसपीनंतरच्या व्हिटाचं तर सोनीने स्वतःच्या वेगळ्या, महागड्या मेमरी कार्डांनी वाटोळं केलं. निन्टेंडोही काही धुतल्या तांदळाची नाही. २०११ मध्ये डीएसनंतरचा ३डीएस २५० डॉलरला काढला, गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा सहा महिन्यांच्या आत १७० वर आणावा लागला. किंमत उतरली आणि तोही चालायला लागला.

आजचे आकडे बघा. मार्च २०२५ अखेर स्विच १५ कोटी २१ लाख विकले गेले होते. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर गेला. याउलट पीसीवाले, म्हणजे वाल्वचा स्टीम डेक, अ‍ॅलाय, लेनोवोचा लिजन गो वगैरे सगळे मिळून २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत साठ लाखांच्या आसपास, असा बाजाराचा अभ्यास करणाऱ्या आयडीसीचा अंदाज आहे. मला विचाराल तर हे चित्र पुढची चार-पाच वर्षं तरी फार पालटणार नाही. पीसीवाले दर वर्षी नवं मॉडेल काढतील, पाच-दहा हजारांनी महाग करतील आणि शौकिनांपुरतेच राहतील.

पण हे जगाचं झालं. नांदेडमध्ये हिशोब उलटा बसतो.

निन्टेंडोचं भारतासाठी ई-शॉपच, म्हणजे गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकानच, नाही. म्हणजे अमेरिकेचं खातं काढायचं, डॉलरचा गिफ्ट कोड कुठून तरी मिळवायचा, नाहीतर कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायची गेमची चकती, आणायची. एकेक कार्ट्रिज तीन-चार हजारांना. आम्ही चार जण मिळून घेतो आणि पाळीपाळीने फिरवतो. मारिओ कार्ट परभणी, लातूर असं एसटीच्या पार्सलने फिरून माझ्याकडे येतं. ते जगभर साडेसहा कोटींच्या वर खपलंय म्हणतात, आमच्याकडे मात्र एकच प्रत चार घरांत पुरते. मेव्हणा स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानावर रुपयांत, यूपीआयने, सेलमध्ये तीनशेला गेम घेतो, आणि तोच गेम पुढे लॅपटॉपवरही चालतो. सोळा-सतरा गेमांनंतर अ‍ॅलायचा महागपणा बराच वसूल होतो. स्विच २ मध्ये तर काही कार्ट्रिजांत गेमच नसतो, नुसती किल्ली असते, बाकी सगळं डाउनलोड. आमच्या गल्लीतल्या नेटवर चाळीस जीबी म्हणजे रात्रभर जागरण, आणि कार्ट्रिज पार्सलने पाठवली तर पुढच्या घरीही तेच जागरण.

दुरुस्तीचंही तसंच. स्विचच्या कांडीचा ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता कांडी आपोआप सरकल्यासारखी वागणं, जगजाहीर आहे; २०२० मध्ये खुद्द निन्टेंडोच्या अध्यक्षांनी भागधारकांपुढे दिलगिरी व्यक्त केली. माझ्या कांड्या अजून धड आहेत, पण बिघडल्या तर इथं सर्व्हिस सेंटर नाही, मोबाइल दुरुस्तीवालाच गाठायचा.

उन्हाळा मात्र दोघांनाही सारखाच. निन्टेंडो सांगते, ५ ते ३५ अंशांत वापरा. डेकवाले वाल्वही ३५ च म्हणतात. आमच्याकडे एप्रिल-मेत पारा बेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. भाचा दुपारी खेळायला बसला की दहा मिनिटांत ओरडतो, "मामा, पंखा घरघरायलाय बघा याचा." एक सांगून ठेवतो, कूलरच्या झोतात यंत्र धरू नका. गार वाटतं, पण पाण्याचे बारीक तुषार थेट जाळीतून आत जातात. साध्या पंख्याखाली, गादीवर न ठेवता पाटावर ठेवून खेळा, नाहीतर सरळ रात्री.

तर घरात लहान मुलं असतील, दोघा-तिघांनी एकत्र खेळायचं असेल, हैदराबाद-मुंबईला कुणी जातंयेतं असेल, तर स्विच, आणि पहिलाच घ्या; स्विच २ ची घाई करू नका. एकट्याने खेळायचं, बिल-वॉरंटी हवी, गेम रुपयांत हवेत, तर अ‍ॅलाय किंवा लिजन गो, तेही दिवाळीच्या सेलमध्ये किंवा नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो तेव्हा. आणि नुसतं बीजीएमआयच खेळायचं असेल तर हातातला मोबाइल पुरे, दोन्हींपैकी काहीच घेऊ नका.