शार्प्स घ्यावी की रोलिंग ब्लॉक?
अमेरिकेत .४५-७० या काडतुसात बंदुकीची काळी दारू उडवायची तर या दोन जुन्या एकबारी रायफलींच्या प्रतिकृती समोर येतात. रोलिंग ब्लॉकचा घोडा पूर्ण ओढायचा, नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा अंगठ्याने मागे फिरवायचा, काडतूस भरायचं. सुटे भाग मोजकेच, सफाई सोपी. मात्र काजळीने रिकामी पुंगळी अडकली की ती उपसायला जोर कमी पडतो.

शार्प्समध्ये घोडा अर्ध्यावर ठेवून लिव्हर खाली ओढायचा. तिथे पुंगळी उपसायला जोर भरपूर मिळतो. पण काजळी ठोकळ्याच्या खाचेत साचून लिव्हरच जड होतो. तरी लांबच्या नेमासाठी शार्प्सच, कारण जोडचापाच्या (दोन चापांच्या) मॉडेलमध्ये मागचा चाप आधी ओढला की पुढचा अगदी हलका सुटतो.

काजळी दोन्हींत कडक होते. दर गोळीनंतर नळीत फुंकनळीने दमट श्वास सोडा. नाहीतर नेम विस्कटतो. काडतुसात दारू आणि गोळी यांत पोकळी कधीच ठेवू नका. नळी फुगू शकते.