सहा मिनिटं चालण्याची चाचणी: सांगलीतल्या फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

धाकट्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार आहे. अडीच वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी आम्ही या केंद्रात त्याची चालण्याची चाचणी करून घेतो. फी सहाशे रुपये.

पंचवीस मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं. एक ताई त्याच्या मागोमाग चालते, पडला तर सावरायला, आणि सारखी "शाब्बास, चल" म्हणत राहते. बोटाला नाडीचं यंत्र. चालतानाच्या ठोक्यांतून बसलेला असतानाचे ठोके वजा करायचे आणि मिनिटाला किती मीटर चालला त्याने भागायचं. सातव्या वर्षी तो ३७२ मीटर चालला, ठोके ९८ वरून १३२. आकडा आला ०.५५. आता नऊ पूर्ण झाली. ३०० मीटर, ९५ वरून १४५. म्हणजे प्रत्येक मीटरला एक जादा ठोका!

सातव्या वर्षापर्यंत त्याचं अंतर वाढत होतं, तेव्हा मला वाटलं रोग थांबला. केंद्रातल्या मॅडमनी समजावलं, उंची वाढली की पाऊल लांब पडतं, त्यात स्नायूंची झीज झाकली जाते. निरोगी मूल मोठं होतं तसं त्याला चालणं स्वस्त पडत जातं, याला महाग पडत चाललंय. या आजारात हृदयही दुबळं होतं, म्हणून एकट्या नाडीवर विसंबत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

दिवसभर घालायचे स्प्लिंट, म्हणजे पायाला बांधायचे आधार, आमच्या गळ्यात मारले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. टाचा उचलून चालूनच तो तोल राखतो, त्यामुळे स्प्लिंट फक्त रात्री.

शाळेत "आळशी आहे, मुद्दाम मागे राहतो" असं ऐकून मी रडले आहे. या वेळी दोन्ही चाचण्यांचे कागद बाईंपुढे ठेवले. वर्ग तळमजल्यावर आला.

एक तक्रार आहे. केंद्र पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट दोनदा बंद होती. जिने चढून दमलेल्या मुलाची चाचणी घेऊन काय उपयोग? मी त्याला पाठुंगळी घेऊन वर नेलं. निघण्याआधी फोन करून लिफ्टचं विचारा आणि सकाळची पहिली वेळ मागा, दहानंतर व्हरांड्यात पेशंटची गर्दी होते.