टेबलावरचा बायोप्रिंटर : ऊतींसाठी चांगला, अवयवांसाठी अपुरा

दाबलेल्या हवेवर चालणारा, दोन नोझलांचा आणि निर्जंतुक कपाटात मावणारा हा बायोप्रिंटर, म्हणजे जिवंत पेशी मिसळलेली इंक थरावर थर छापणारे यंत्र, आमच्या प्रयोगशाळेत गेले काही महिने रोज वापरला जात आहे. माहितीपत्रकावरचे लालबुंद हृदय पाहून कोणी तो घेणार असेल, तर त्याने जरा थांबावे.

साधी कामे यंत्र चोख करते. अल्जिनेट (समुद्री शैवालातून मिळणारा चिकट पदार्थ) आणि जिलेटिनच्या मिश्रणात पेशी मिसळून केलेली बायोइंक ०.४१ मिलिमीटरच्या नोझलमधून एकसारख्या धाग्यासारखी उतरते आणि कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण सोडताच जाळी घट्ट होते. खटकते ती तापमानाची व्यवस्था. इंकची नळी ३७ अंशांवर राहते, पण धातूची नोझल उघडी असल्यामुळे नेमके टोकाशीच जिलेटिन गोठते. ते बाहेर पडावे म्हणून दाब वाढवला, की अरुंद तोंडातून रेटल्या जाणाऱ्या पेशी मरतात. रेषा बारीक हवी म्हणून लहान नोझल लावली, तर हा त्रास आणखी वाढतो. यावर विक्रेत्याने सुचवलेला उपाय म्हणजे नोझल गरम ठेवणारा जोडभाग वेगळे पैसे देऊन घेणे!

माहितीपत्रकात अमेरिकेतील शल्यविशारद अँथनी अटाला यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्राशयांचाही दाखला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेले ते सात रुग्णांवरचे काम मोठेच होते; परंतु तेथे पेशी साच्यावर हाताने पेरल्या होत्या, प्रिंटरने नव्हे.

अर्थात, हृदय छापता येत नाही याचा सगळा दोष या यंत्राला देणे अन्यायाचे ठरेल. रक्तवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा दूर असलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे जाड ऊती आतून मरते. बाह्यकर्णाला आकार देणाऱ्या कूर्चेत, म्हणजे लवचिक, मऊ हाडासारख्या ऊतीत, रक्तवाहिन्याच नसतात. म्हणूनच रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण २०२२ मध्ये अमेरिकेतील चाचणीत रोपणापर्यंत पोहोचला. उलट, तेल अवीवमध्ये २०१९ साली छापलेल्या चिमुकल्या हृदयाच्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण त्याला रक्त पंप करता येत नव्हते. मूत्रपिंडात तर सुमारे दहा लाख नेफ्रॉन (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) असतात, आणि ते एकेक करून छापणे मला व्यवहार्य वाटत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘वीस’ (Wyss) या संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्येच दाखवलेला मार्ग मला अधिक पटतो : पेशींचे लहान गोळे दाटीने भरायचे, त्यांत जिलेटिनच्या इंकने फक्त वाहिन्यांचे जाळे काढायचे आणि नंतर ऊब देऊन ती इंक वितळवून काढून टाकायची. म्हणजे प्रिंटरने अवयव नव्हे, त्यातले कालवे काढायचे.

ते काम या यंत्राच्या आवाक्यातले आहे, पण नोझलची अडचण सुटल्यावरच. औषधांच्या विषारीपणाच्या चाचणीसाठी यकृताचे पातळ थर किंवा त्वचेचे नमुने करणाऱ्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. मात्र प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या इंकवर न पाहता स्वतःच्या इंकवर पाहावे, छपाईनंतर जिवंत पेशींचे प्रमाण मोजावे आणि तो जोडभाग मूळ किमतीत धरला आहे हे लेखी घ्यावे.